वन्स मोअर

संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षागृहातून आरोळी उठते, ‘वन्स मोअर!’ बालगंधर्वांच्या पदांना ती पुन्हा पुन्हा मिळे. शब्द इंग्रजी, पण लंडनचा रसिक अशा वेळी ‘ऑन्कोर’ म्हणतो. हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ ‘आणखी, पुन्हा’. १७१२ मधल्या ‘द स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकात ऑपेराच्या श्रोत्यांची ही हाक नोंदलेली आहे. खुद्द फ्रेंच रसिक मात्र ‘बिस’ म्हणतो, लॅटिनमध्ये ‘दोनदा’. इंग्रजी मैफलीत ‘ऑन्कोर’ शोभतो. आपल्या रंगभूमीवर मात्र ‘वन्स मोअर’च हवा; पिढ्यान्‌पिढ्यांच्या रसिकांनी तो अस्सल मराठी केला आहे.