शाळेच्या पेजवरचे मुलांचे फोटो एआयपासून कसे वाचवायचे?

शाळेचं फेसबुक पेज किंवा इन्स्टा सांभाळणारी टीम म्हणजे बहुतेक वेळा संगणकाचे सर आणि मोबाईलवर हात बसलेले दोन-तीन माजी विद्यार्थी. तुम्ही त्यातले असाल, तर हे वाचाच.

२०२३ मध्ये स्पेनमधल्या आल्मेंद्रालेहो गावात शाळकरी मुलींच्या सोशल मीडियावरच्या साध्या फोटोंवरून एआय ॲपने नग्न चित्रं बनवली गेली. बनवणारे कुणी हॅकर नव्हते, तिथलीच पोरं होती. पुढे १५ अल्पवयीन मुलांना कोर्टाने दोषी धरलं.

एआयला लागतो समोरून काढलेला, स्पष्ट चेहरा. म्हणजे नेमका आपला 'हार्दिक अभिनंदन' बॅनर! मोठा फोटो, खाली पूर्ण नाव, इयत्ता, शाळा. माझ्या मते सगळ्यात आधी हाच बदलायला हवा. नाव दिलं तर फोटो नको, फोटो दिला तर नाव नको. स्नेहसंमेलनाचा फोटो टाकायचा तर लेझीम पथक दुरून किंवा मागून घ्या. विज्ञान प्रदर्शनात मॉडेल आणि हात दिसले तरी पुरे. वेबसाइटवर फोटो चढवताना फाइलच्या नावातूनही मुलाचं नाव काढा, कारण सर्च इंजिन तेही वाचतं. वॉटरमार्कवर मात्र विसंबू नका, एआय तो सहज पुसतं.

क्लोजअप पालकांना हवेच असतात (हट्टच असतो म्हणा ना). ते पब्लिक पेजवर न टाकता वर्गाच्या ग्रुपवर द्या. तिथूनही फोटो बाहेर जाऊ शकतो, पण निदान अख्ख्या जगासमोर उघडा नसतो. आणि जुने अल्बम? एकदा बसून डिलीट करा.

परवानगीचं म्हणाल, तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. प्रवेश फॉर्मवरची एक मोघम सही त्यासाठी पुरेशी समजू नका.

तरीही असं चित्र फिरताना दिसलं, तर 'पुरावा' म्हणून ते कुणालाही फॉरवर्ड करू नका. लिंक, अकाउंटचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, मुख्याध्यापक आणि पालकांना सांगा, १९३० किंवा १०९८ वर फोन करा. खऱ्या मुलासारखं दिसणारं कॉम्प्युटरने बनवलेलं अश्लील चित्रही पॉक्सो कायद्यात येतं. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही आहे. तिथे चित्र अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून ते चित्र शोधून काढून टाकू शकतात.