‘पेन’ आणि वेदना

गुडघा दुखला की सरावलीतही आपण डॉक्टरांना ‘पेन होतंय’ म्हणतो. हा शब्द ग्रीक ‘पॉइने’, लॅटिन ‘पोएना’, मग फ्रेंच असा इंग्रजीत आला. मूळ अर्थ दंड, शिक्षा! १८६०च्या पीनल कोडातला ‘पीनल’ त्याचाच भाऊबंद.

आपली ‘वेदना’ मात्र ‘विद्’ म्हणजे जाणणे, या धातूची. बौद्ध विचारात तर सुखाचीही वेदना असते.

याच डहाणू-तलासरीत वेठबिगारीला नाही म्हटलं की वारल्यांना मार बसे. जमीनदाराच्या लेखी ती शिक्षाच. १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले, तेव्हा त्या दुखण्याची जाणीव झाली होती. गोदावरीबाईंच्या पुस्तकाचं नावच ‘जेव्हा माणूस जागा होतो’.

म्हणून आम्ही म्हणतो, दुखणाऱ्याला ‘कुठल्या पापाची फळं?’ असं विचारू नये. त्याला काय जाणवतंय, ते विचारावं.