मोहाची फुलं आणि कायद्याचं बूच

जांभूळ-बोरांची वाइन घरी करून बघणं हा हौशी मंडळींचा वीकेंड उद्योग. कृती सोपी: फळं चेचा, साखर-पाणी आणि यीस्ट घाला, आतला वायू बाहेर पडेल पण बाहेरची हवा आत येणार नाही असं बूच लावा. साखरेचं अल्कोहोल यीस्ट करतं. फक्त एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बरणी एक लिटरची का असेना!

आता यवतमाळकडे वळू. केळापूर, झरी जामणी, मारेगाव हा गोंड-कोलामांचा मुलूख. इथे आंबवणं ही हौस कधीच नव्हती. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते. फुलं भिजवून आंबवायची, इथवर वाइनचीच कृती. पुढे भट्टीवर वाफ धरून थंड केली की दारू. देवालाही तीच लागते. शिवाय हीच फुलं खाल्लीही जातात.

मग हा गुन्हा कधी झाला? 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि दारू हे महसुलाचं खातं झालं. ठेके आले, लिलाव आले. घरची भट्टी म्हणजे सरकारी तिजोरीची गळती! तिकडे मुंबई इलाख्यात तर 1892 मध्ये खास मोहाच्या फुलांवरच कायदा आला. दारूवर नव्हे हं, फुलांवर.

स्वातंत्र्यानंतर कारण बदललं. महसुलाच्या जागी नीती आली. 1949 चा मुंबईचा कायदा 1959 मध्ये विदर्भालाही लागू झाला. त्याआधी 1951 मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा बराचसा उचलून धरला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांवरची बंधनं रद्द केली. द्राक्षासव आठवा: द्राक्षं, गोडवा आणि धायटीची फुलं. तेही आंबवलेलंच. पण ते औषध!

पुढे 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिकची वाइन उद्योग ठरली. मोहाची फुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं उठायला मात्र 2021 उजाडलं. रसायनशास्त्र तेच, यीस्टही तेच. फरक एवढाच की एकाकडे कारखाना होता, दुसरीकडे झाड.

म्हणजे दारू मोकळी करा असं म्हणायचंय का? नाही. दारूपायी मोडलेले संसार याच जिल्ह्यातल्या बायकांनी पाहिलेत, दुकानं बंद करा म्हणून रस्त्यावर आल्यात त्याच. त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण त्यांचा राग प्रामुख्याने दुकानातल्या बाटलीवर आहे, आणि ठेक्याची दुकानदारी गावात आणली ती महसुलानेच.

तेव्हा जांभळाच्या वाइनचा विषय निघाला की एवढं आठवा: आपल्याला जी हौस वाटते, त्याच कौशल्यापायी कुणाच्या तरी आजोबांच्या घरावर धाड पडलेली असू शकते.