दीनबंधु व जुन्नर-आंबेगाव परिसर

दीनबंधु : सत्यशोधक चळवळीचे मराठी साप्ताहिक. कृष्णराव पांडुरंग भालेकर (१८५०–१९१०) यांनी ते १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले. आर्थिक अडचणींमुळे ते चालविणे अवघड झाल्यावर १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी ते मुंबईतून चालविण्यास घेतले. लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर (ता. खेड) आंबेगावच्या शेजारच्या तालुक्यातील. जुन्नर, आंबेगाव व खेड येथील अनेक शेतकरी कुटुंबांतील माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करीत. त्यामुळे सावकारी आणि गिरणी हे पत्राचे दोन विषय वस्तुतः एकाच वाचकाच्या जीवनातील होते.

जुन्नर तालुक्यात चळवळीचे प्रमुख ठाणे ओतूर हे होते व भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे तेथील पुढारी. पुरोहितावाचून विवाहविधी केल्यावरून येथील ग्रामजोशाने लावलेला दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८८५ च्या सुमारास याच भागातील कुळांनी खंड कमी झाल्याखेरीज सावकारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. १८७५ च्या दंग्यांत खतपत्रे जाळली गेली होती. येथे मात्र नांगर थांबला. अशा घटनांना पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित पत्रांहून वेगळ्या दृष्टीने पाहणारे पत्र शेतकऱ्यांना लाभले, हे दीनबंधुचे खरे महत्त्व होय.

लोखंडे प्लेगच्या साथीत निवर्तले. पुढे वासुदेव लिंगोजी बिर्जे यांनी आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी तानुबाई यांनी संपादन केले. मराठी पत्रसृष्टीतील स्त्री-संपादकांत तानुबाईंचे स्थान अगदी आरंभीचे असूनही त्यांची दखल फार उशिरा घेतली गेली.

पुण्याच्या केसरीवाड्यातील संग्रहालयात टिळकांच्या वापरातील वस्तू, पत्रे आणि केसरीच्या (स्थापना १८८१) परंपरेची साधने पाहावयास मिळतात. दीनबंधुच्या वाट्याला असा वाडा आला नाही. त्याचे जुने अंक फार थोडे उरले आहेत. म्हणून अभ्यासकाला देशी वृत्तपत्रांवरील सरकारी साप्ताहिक अहवालांकडे वळावे लागते. मुंबईच्या पुराभिलेखागारात हे अहवाल आहेत. त्यांत मजकुराचा इंग्रजी सारांश येतो, तोही सरकारी अनुवादकाला दखलपात्र वाटला तेवढाच. गावच्या बातमीदाराची भाषा, त्याचा राग, जाहिराती, वर्गणीची निकड हे सारे त्यातून गळाले आहे. ओतूरच्या शेतकऱ्याचे म्हणणे आज बव्हंशी ज्या सरकारविरुद्ध त्याची तक्रार होती, त्याच्याच दप्तरातून वाचावे लागते.