एकट्याचं शेत

गेल्या महिन्यात धाकटा मुलगा आणि सून बालीला जाऊन आले. आमच्या लहानपणी लोक महाबळेश्वरला जाऊन आल्याचे जेवढ्या कौतुकाने सांगत, तेवढ्याच सहजपणे हल्ली लोक बालीला जाऊन येतात. असो. फोटोंमध्ये समुद्र होता, माकडे होती, हॉटेलातला पोहण्याचा तलाव होता. मी मात्र एका फोटोपाशी थांबलो. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे, आणि एका खाचराच्या कोपऱ्यात बांबूचा चिमुकला देव्हारा. सून म्हणाली, "बाबा, जिथून शेतात पाणी शिरतं, तिथेच हा देव्हारा असतो म्हणे. आम्हाला फार गोड वाटलं ते."

गोड तर आहेच. पण त्या देव्हाऱ्यामागे हजार वर्षांचा इतिहास आणि फार चोख हिशेब आहे. बालीच्या शेतीबद्दल मिळेल ते वाचण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. त्याला एक घरगुती कारण आहे, ते शेवटी सांगतो.

बाली हे ज्वालामुखींचे बेट. डोंगरमाथ्यावर ज्वालामुखीच्या मुखांत साठलेली तळी आहेत, आणि तिथून नद्या खोल घळींमधून वेगाने समुद्राकडे धावतात. नदी खाली दरीत आणि शेत वर उतारावर. मग पाणी चढवायचे कसे? बालीच्या शेतकऱ्यांनी नदीला वरच्या अंगाला छोटे बांध घातले, डोंगरातून बोगदे खणले आणि पाटाने पाणी खाचरांत आणले. इ. स. ८९६ च्या एका लेखात बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख सापडतो. आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायला अजून पावणेचारशे वर्षे होती, हे लक्षात घ्या!

एका पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांची जी पंचायत, तिला तिथे 'सुबक' म्हणतात. हा शब्द अकराव्या शतकातील लेखांत आढळतो. आपल्या 'सुबक'शी त्याचा काही संबंध नाही, पण ऐकायला छान वाटतो. एका सुबकात साधारण ५० ते ४०० शेतकरी असतात आणि बेटावर असे सुमारे १२०० सुबक आहेत. गाव वेगळे, सुबक वेगळा. तुम्ही कुठल्या गावात राहता यावर नाही, तर तुमच्या शेतात कुठल्या पाटाचे पाणी येते यावर तुमचा सुबक ठरतो. त्याचा प्रमुख म्हणजे 'पेकासेह'. नियम ताडपत्रावर लिहिलेले असत. पाणी चोरले, बांध दुरुस्तीला आला नाही, तर दंड. पाणी वाटायला पाटात एक आडवे लाकूड टाकतात आणि त्याला ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे कमीजास्त रुंदीच्या खाचा पाडतात. हिस्सा बरोबर आहे की नाही, हे कुणालाही काठावर उभे राहून दिसते. वाद घालायला जागाच कमी.

या सगळ्यावर देवळांची साखळी. शेताच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापासून बांधाजवळच्या देवळापर्यंत, आणि तिथून वर थेट बातुर तळ्याच्या देवी दानूच्या देवळापर्यंत. १९२६ साली बातुर ज्वालामुखीच्या उद्रेकात ते देऊळ आणि गाव गाडले गेले, तेव्हा लोकांनी दोन्ही वर कड्यावर पुन्हा उभी केली. भाताची देवी म्हणजे देवी श्री. आपलीच 'श्री', समुद्र ओलांडून तिकडे गेली आणि भाताच्या लोंबीत जाऊन बसली.

आता खरा मुद्दा. अमुक दिवशी पाणी सोडायचे, अमुक दिवशी लावणी, अमुक काळ शेते पड टाकायची, हे सगळे देवळातल्या बैठकीत, पंचांगाप्रमाणे ठरे. बाहेरच्या माणसाला ही निव्वळ पूजाअर्चा वाटे. पण त्यात एक अवघड कोडे सोडवलेले होते. सगळ्यांनी एकदम लावणी केली तर एकाच वेळी सगळ्यांना पाणी लागते आणि खालच्या शेतांना ते पुरत नाही. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी लावणी केली तर पाणी पुरते, पण कीड आणि उंदीर एका शेतातून दुसऱ्या शेतात जात बारा महिने पोसले जातात. शेजारच्या अनेक सुबकांनी मिळून एकदम कापणी केली आणि मग सगळी शेते पाण्याखाली ठेवली, तर किडीला खायलाच काही उरत नाही. मोकळ्या शेतात बदकांचे कळप सोडतात, ते सांडलेले दाणे आणि उरलेसुरले किडे फस्त करतात. म्हणून वरच्या शेतकऱ्याला पाणी अडवून धरणे परवडत नाही. खालच्याला पाणी दिले नाही, तर तो आपल्याबरोबर लावणी करणार नाही, आणि मग त्याच्या शेतातली कीड आपल्याकडे येईल! वरच्याला भीती किडीची, खालच्याला चिंता पाण्याची, आणि दोघांचा करार देवळात.

हे सगळे रामराज्य होते, असे मात्र समजू नका. राजे होते, सारा होता, दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने राबणारी कुळे होती. १९०६ मध्ये बादुंगचे आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंगचे राजघराणे शरण न जाता डच सैन्याच्या बंदुकांपुढे चालत गेले आणि संपले. नंतर डचांनी जमिनी मोजून रोखीने सारा लावला. स्वातंत्र्यानंतर, १९६० मध्ये जमीन सुधारणेचा कायदा आला, त्यावरून गावागावांत तट पडले, आणि १९६५-६६ च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात एकट्या बालीत अंदाजे ८० हजार माणसे मारली गेली. एकाच पाटाचे पाणी वाटून घेणारे शेजारी एकमेकांवर उठले. आजच्या पर्यटकाला हे कोणी सांगत नाही.

मग आली हरितक्रांती. फिलिपाइन्सच्या भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ हे बुटके वाण दिले. त्याचे एक पालक वाण 'पेटा' इंडोनेशियातले, आणि त्या पेटाच्या रक्तात आपल्या बंगालचे 'लतीसाल'. म्हणजे नाते आपलेही आहे! बालीचे जुने भात उंच, पाच-सहा महिन्यांचे. बायका 'आनी-आनी' नावाच्या तळहातात मावणाऱ्या सुरीने एकेक लोंबी कापत. नवे वाण सुमारे चार महिन्यांत तयार, विळ्याने कापायचे. सत्तरच्या दशकात सरकारने बियाणे, खत, औषध यांचे पुडके कर्जाने दिले आणि सांगितले, देवळाचे पंचांग बाजूला ठेवा, जमेल तितक्या वेळा लावणी करा.

सुरुवातीला उत्पन्न वाढले, हे खरेच. पण लवकरच पाण्याच्या पाळ्या विस्कटल्या आणि तपकिरी तुडतुड्यांनी शेतेच्या शेते वाळवली. औषध मारावे, तर तुडतुडे खाणारे कोळी आधी मरत. तुडतुड्यांना दाद न देणारे आयआर-३६ आणले, तर टुंग्रो रोग वाढला. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला, आणि दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, सरकारला भातावर ५७ कीटकनाशकांची बंदी घालावी लागली.

स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ही घडी नीट अभ्यासली. जेम्स क्रेमर या परिसरशास्त्रज्ञाबरोबर त्याने दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचे गणित संगणकावर मांडले. पाणी, पाऊस, कीड, सगळे घालून पाहिले. उत्तम उत्पन्न देणारी जी व्यवस्था संगणकाने काढली, ती बरीचशी देवळांच्या व्यवस्थेशी जुळली. एशियन डेव्हलपमेंट बँकेने १९७९ पासून बालीत पाटबंधाऱ्यांचा मोठा प्रकल्प चालवला होता. जुन्या पद्धतीचे गुण न ओळखल्याची किंमत फार पडली, हे १९८८ च्या अहवालात तिने स्वतःच कबूल केले. लान्सिंगने राजांचा वाटा कमी लेखला, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे, आणि तो विचारात घ्यायला हवा. पण शेतकऱ्यांना काही कळत होते, हे आता कोणी नाकारत नाही.

आता माझे घरगुती कारण. आमचे गाव दक्षिण कोकणातले. १९७२ च्या अखेरीस मी बी. ए. होऊन, नोकरीची वाट पाहत घरी बसलो होतो. आमच्याकडे थंडीत वायंगण करीत. गावाने मिळून वहाळाला बांध घालायचा आणि पाळीपाळीने पाणी घ्यायचे. पाणी सोडायचा दिवस गावकार रवळनाथाच्या देवळात बसून ठरवत. मला हे सगळे हास्यास्पद वाटे. मी तालुक्याहून 'जया'चे बियाणे आणले आणि वडिलांशी भांडून एका कुणग्यात गावाच्या तीन आठवडे आधी लावणी केली. पाळी नसताना दोनदा रात्री पाणीही घेतले. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

भात सुरेख आले. पण गावभर सगळीकडे हिरवे असताना माझा एकच कुणगा पिवळा झाला, आणि पंचक्रोशीतली पाखरे आणि उंदीर त्यावर तुटून पडले. हाती आले ते जेमतेम बियाण्यापुरते. वडील रागावले नाहीत. बांधावर उभे राहून एवढेच म्हणाले, "एकट्याचा शेत ता पाखरांचा."

पुढे तीस-बत्तीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकवला. हरितक्रांतीचा धडा आला की पुस्तकातले सगळे सांगायचो, वडिलांचे वाक्य मात्र कधी सांगितले नाही. ते मला अडाण्याचे वाटे. बालीबद्दल वाचले तेव्हा कळले, की त्यांनी चार शब्दांत जे सांगितले, त्यासाठी बँकेला नऊ वर्षे लागली. तोपर्यंत वडील गेले होते.

देवळात ठरते ते सगळे शहाणपणाचे असते, असे मी म्हणत नाही. त्याच देवळाच्या नावाने माणसांना दूरही ठेवले गेले, हे मी पाहिले आहे. आणि नव्या बियाण्याने भुकेल्यांची पोटे भरली, हेही खरे. पण मोडण्यापूर्वी हे कशासाठी होते, असे एकदा विचारायला हवे होते. मी विचारले नाही.

युनेस्कोने २०१२ मध्ये सुबकांच्या भूप्रदेशाला जागतिक वारशात घेतले. सुनेच्या फोटोतले जतिलुविह त्यातलेच. पण तिकडेही आता शेतांत हॉटेले उठत आहेत आणि पोरे चिखलात उतरायला तयार नाहीत. आमच्या गावातला बांधही बरीच वर्षे कोणी घातलेला नाही. वायंगणाच्या जागेत काजू आहे, काही ठिकाणी नुसतेच रान.

सुनेला सांगितले आहे, तो देव्हाऱ्याचा फोटो मोठा करून दे. वडिलांच्या फोटोशेजारी लावणार आहे.