थंडीतले माथेरान

काश्मीरातील गुलमर्गला लोक बर्फावर घसरण्याचे खेळ खेळायला जातात. आम्हा ठाणे-कल्याणकरांची थंडीची मौज मात्र माथेरानच्या तांबड्या मातीत! ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर ‘शोधला’, असे इतिहास सांगतो. वस्तुतः धनगर, ठाकूर, कातकरी तेथे आधीच नांदत होते. १८५४ साली आगगाडी कल्याणास आली, पुढे नेरळासही पोचली. तरी वर जायचे ते घोड्यावरून, नाहीतर माणसांच्या खांद्यावरून. १९०७ साली पीरभॉय घराण्याने बांधलेली चिमुकली आगगाडी डोंगर चढली आणि ते खांदे हलके झाले. वाचकहो, यंदा पहाटेच्या हुडहुडीत तेथे फिराल, तेव्हा मॅलेटसाहेबांबरोबर त्या वाटाड्यांचीही आठवण करा.