उच्चस्तरीय पवनऊर्जा

पवनचक्कीचा मनोरा पोहोचत नाही इतक्या उंचीवरच्या वाऱ्यापासून, दोराला बांधलेले पतंग किंवा पंख उडवून, वीज मिळवण्याचे तंत्र. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 6 मीटर वेगाचा वारा 12 मीटरवर गेला की शक्ती आठपट होते. या तंत्राचे सारे आकर्षण या नियमात आहे. मात्र वर हवा विरळ होत जाते; 10 किमी उंचीवर तिची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश उरते. शिवाय दोर जितका लांब तितके त्याचे वजन आणि हवेचा अडथळा जास्त. म्हणून प्रत्यक्ष प्रयोग बहुतांशी काहीशे मीटरांच्या पट्ट्यातच झाले.

या विषयाचा गणिती पाया अमेरिकी अभियंते माइल्स लॉइड यांनी 1980 मध्ये घातला. वाऱ्याला आडवा, वेगाने फिरणारा पतंग एका जागी स्थिर पतंगापेक्षा कितीतरी अधिक शक्ती देतो, हे त्यांनी दाखवले. असा पतंग आकाशात आडवे आठ काढत राहतो, दोर ताणला जातो, जमिनीवरचा रीळ उलगडतो आणि त्याला जोडलेले जनित्र फिरते. संक्रांतीला ढील देताना बोटांना जाणवणारी ओढ ती हीच. दोर संपत आला की पतंगाचे तोंड वळवून ओढ कमी करतात आणि मिळालेल्या विजेचा थोडा भाग खर्चून तो गुंडाळतात. दुसऱ्या प्रकारात जनित्रे उडत्या पंखावरच बसवतात. गुगलच्या पाठबळाने ‘मकानी’ने बनवलेला 600 किलोवॅटचा पंख 2019 मध्ये नॉर्वेच्या समुद्रात उडाला, 2020 मध्ये तो उद्योग बंद झाला.

महाराष्ट्रात उंचीचा लाभ सह्याद्रीनेच दिला आहे. साताऱ्याजवळचे चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातले वनकुसवडे ही जांभ्या दगडाची पठारे समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहेत. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणाऱ्या सोमाली जेट या वेगवान वायुप्रवाहाचा वेग साधारण दीड किमी उंचीवर सर्वाधिक असतो. पठारावरचा मनोरा त्या प्रवाहाच्या बऱ्याच जवळ जातो.

मात्र उंचावरचा वारा बारमाही असतो हा या तंत्राचा नेहमीचा दावा इथे तपासून घ्यावा लागतो. सोमाली जेट पावसाळ्यापुरताच असतो. हिवाळ्यातला उपोष्ण जेट उत्तर भारतावर, 12 किमीच्या आसपास वाहतो. म्हणजे कोकणावर पतंग उडवले तरी त्यांची वीज मुख्यतः सातारच्या पवनचक्क्यांच्याच हंगामात येईल. एप्रिल-मेच्या उकाड्यातली विजेची गरज त्यातून फारशी भागणार नाही. वळवाच्या विजा आणि मुंबईची विमानवाहतूक हे अडथळे वेगळेच.

हे हंगामी चढउतार सांभाळण्याचे काम ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीत असलेल्या, पण वीजक्षेत्रात ‘कळवा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे आहे. पवनवीज किती येईल याचा अंदाज 15 मिनिटांच्या टप्प्यांनी कळवावा लागतो. पतंगाची वीज ग्रिडला जोडायची झाल्यास दोर गुंडाळतानाचा प्रत्येक खंड आधी भरून काढावा लागेल. त्यासाठी अनेक पतंग आळीपाळीने चालवणे किंवा सोबत बॅटरी ठेवणे असे दोन मार्ग आहेत.